रविवारचे भोजन आणि कुटुंबाची पंगत

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंब-मेळाव्यात प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



परमेश्वराच्या कृपेने आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षे पूर्ण झाली. मंदिराची उभारणी कशी झाली, शाळा कशी निघाली, आपल्या वाडवडिलांनी कोणकोणत्या हालअपेष्टा सोसल्या, ह्याविषयी महोत्सवाच्या ह्या सप्ताहात विद्वान वक्त्यांनी आपणास पुष्कळ सांगितले आहे. आज कुटुंबांचा दिवस आहे. आणि आजच्यासाठी आम्ही जो विषय निवडला आहे तो ऐकून कित्येकांस हसू येईल. तो विषय म्हणजे रविवारचे दुपारचे जेवण. आणि तेही घरचे नव्हे, तर मॉलमधील एखाद्या भोजनगृहात सहकुटुंब घेतलेले जेवण.

विषय निवडण्यास कारण असे घडले. गेल्या आगमनकाळात काही वडीलधारी मंडळी आमच्याकडे आली व म्हणाली, "फादर, मोठ्या मिस्सेनंतर निम्म्या मोटारी घराकडे वळतच नाहीत, थेट महामार्गाला लागतात. चूल थंड, म्हातारी माणसे घरी, आणि पोरेबाळे मॉलमध्ये. एकदा वेदीवरून खडसावून बोला." त्याच आठवड्यात एका तरुण मातेने आम्हास विचारले, "फादर, महिन्यातून एक रविवार मी स्वयंपाकघरात जात नाही. ह्यात पाप आहे काय?" दोन्ही प्रश्न कळकळीचे होते. आज त्या दोहोंस मिळून एकच उत्तर द्यावे, असा आमचा मानस आहे.

प्रथम हे स्पष्ट करू की, परक्या जागी जेवणे ह्यात मुळी दोष नाही. शुभवर्तमान उघडून पाहा. आपल्या प्रभूची जी भोजने त्यात वर्णिली आहेत, ती बहुतेक दुसऱ्यांच्या घरची आहेत. काना गावी तो लग्नाच्या मेजवानीस गेला. लेवी जकातदाराच्या घरी जेवला. शिमोन नावाच्या परुश्याचे आमंत्रण त्याने स्वीकारले. यरीहोत तर जक्कयाच्या घरी तो आपण होऊन पाहुणा झाला. किंबहुना ज्या भोजनाचे स्मरण आपण दररोज वेदीवर करतो, ते अखेरचे भोजनदेखील यरुशलेमेतील कोणा गृहस्थाकडून मागून घेतलेल्या माडीवर झाले. तेव्हा घराबाहेर जेवणाऱ्यास केवळ तेवढ्यावरून दोष देण्यास आम्ही तयार नाही.

तथापि त्या सर्व भोजनांत एक गोष्ट ध्यानात धरण्याजोगी आहे. प्रभू जेथे जेथे जेवावयास बसला, तेथे तेथे त्याची दृष्टी पंगतीच्या कडेला गेली. शिमोनाच्या घरी जिला कोणी बसावयास जागा देईना, तिच्याकडे ती गेली. कानात द्राक्षारस संपल्याची चिंता प्रथम त्याच्या मातेस पडली, आणि तो द्राक्षारस कोठून आला हे मुख्य कारभाऱ्यास न कळता पाणी भरणाऱ्या चाकरांस कळले. श्रीमंत मनुष्य व लाजर ह्यांचा दृष्टांत आपण जाणता. त्या श्रीमंताने चोरी केली असे प्रभू कोठेही सांगत नाही. तो रोज उत्तम जेवत होता, आणि दाराशी पडलेला मनुष्य त्यास दिसत नव्हता, एवढाच त्याचा अपराध. भोजनाचे पाप झालेच तर ते असे, न पाहण्यात होते.

आता रविवारच्या भोजनाचा व मिस्साबलिदानाचा संबंध पाहू. आमच्या तरुण श्रोत्यांस कदाचित ठाऊक नसेल की, पूर्वी ख्रिस्तप्रसाद घेऊ इच्छिणाऱ्यास मध्यरात्रीपासून अन्न व पाणी दोन्ही वर्ज्य असे. १९५३ साली संत पापा बारावे पायस ह्यांनी पाण्याने उपवास मोडत नाही असे ठरविले. १९५७ साली त्यांनीच उपवासाची मुदत तीन तासांवर आणली. आणि १९६४ साली संत पापा सहावे पॉल ह्यांनी ती एक तासावर आणून ठेवली. त्या जुन्या नियमामुळे ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्याच्या मुखात रविवारी पहिले पडे ते ख्रिस्ताचे शरीर, आणि त्यानंतर घरचे अन्न. वेदीवरून उठून मनुष्य जणू सरळ घरच्या पानावर येऊन बसे. तांदळाची भाकरी, बाटली मसाल्याचे कालवण, सणावारी फुगे, एवढाच थाट. पण मंदिरात आरंभिलेली उपकारस्तुती घरच्या पानावर पुरी होत आहे, हे लहान मुलासही उपदेशावाचून समजत असे.

परंतु त्या पंगतीचे गुणगान करताना एक गोष्ट झाकून ठेवणे न्यायाचे होणार नाही. ती पंगत कोणाच्या श्रमावर बसत असे? घरची स्त्री कोंबडा आरवण्यापूर्वी उठून पहाटेच्या मिस्सेस जाई, धावतपळत परत येई, आणि बाकीची मंडळी मोठ्या मिस्सेत गायन ऐकत असता ती धुरात बसलेली असे. सर्वांस वाढून झाल्यावर भांड्यात जे उरेल ते ती जेवी. कालवणातील चांगला तुकडा तिच्या वाट्यास क्वचितच येई. परमेश्वराने विश्रांतीचा दिवस नेमिला तो घरातील सर्वांसाठी. त्यात गृहिणीचा अपवाद कोठे लिहिलेला नाही. म्हणून ज्या मातेने आम्हास प्रश्न केला, तीस आम्ही असे सांगतो: बाई, महिन्यातून एक रविवार तुम्ही दुसऱ्यांसारख्याच बसून, गरम अन्न, सर्वांबरोबर जेवलात तर त्यात पाप नाही. मात्र ती विश्रांती देण्यास मॉलच पाहिजे असे नाही. उरलेल्या तीन रविवारी घरातील पुरुषांनी व मुलांनी भाजी चिरली आणि भांडी घासली, तर तीही ईश्वरास मान्य होईल.

बाहेरचे जेवण ही काही आजची गोष्ट नव्हे. मुंबईच्या गिरणगावात कोकण, घाटावरून आलेले हजारो कामगार खाणावळीत जेवत. त्या खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांना १९७५ साली प्रेमा पुरव ह्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, हे पुष्कळांस ठाऊक असेल. आपल्या धर्मबंधूंपैकी गोव्याहून आलेले दर्यावर्दी धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गावाच्या 'कुडा'त राहत. तेथे पेटी ठेवण्यापुरती जागा, भिंतीशी लहानशी वेदी, आणि सायंकाळी सर्वांनी मिळून पवित्र माळ म्हणण्याचा नियम. त्या माणसांना बाहेर जेवावे लागे, कारण कुटुंब दूर होते; आणि दूर असताही त्यांनी प्रार्थनेने एक तऱ्हेचे कुटुंब उभे केले. आपली स्थिती उलट आहे. आपण सबंध कुटुंब बरोबर घेऊन बाहेर जेवतो. मग एका मेजाभोवती बसूनही प्रत्येकजण आपापल्या हातातील मोबाईलमध्ये गुंतून परदेशस्थासारखा एकटा का असावा, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

ज्या जागी आपण जातो ती जागा कशी निर्माण झाली, हेही थोडे पाहू. व्हिक्टर ग्रुएन नावाचा व्हिएन्नाचा ज्यू वास्तुविशारद १९३८ साली नाझी राजवटीमुळे मायदेश सोडून अमेरिकेत गेला. १९५६ साली मिनेसोटा राज्यातील एडायना गावी त्याने 'साउथडेल' नावाची पेठ बांधली. चोहोंकडून बंदिस्त व आत हवा नियंत्रित अशी अमेरिकेतील ही पहिली मोठी पेठ. त्याच्या मनात आपल्या जुन्या शहरातील चौक होता. लोकांनी तेथे भेटावे, बसावे, बोलावे. भोवती घरे, शाळा व बाग असावी, अशी त्याची योजना होती. दुकाने भरभराटीस आली. चौकाभोवतीचे गाव त्याच्या मनाप्रमाणे उभे राहिले नाही. उतारवयात तो व्हिएन्नास परतला, आणि आपल्या कल्पनेचे पुढे जे रूप झाले त्याविषयी त्याने उघड नापसंती दर्शविली.

भोजनगृहांची गोष्ट त्याच काळातील. १९४८ साली कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो येथे रिचर्ड व मॉरिस मॅकडोनाल्ड ह्या बंधूंनी आपले चांगले चाललेले उपाहारगृह काही काळ बंद ठेवून त्याची नवी मांडणी केली. पदार्थांची लांब यादी कापून नऊवर आणली. मोटारीपाशी येऊन वाढणाऱ्या नोकरांस रजा दिली. बशा व काटेचमचे काढून कागदी वेष्टने आणली. आणि स्वयंपाकघरात एकाने एकच काम करावे अशी कारखान्याची रीत घातली. त्यामुळे अन्न स्वस्त झाले, लवकर मिळू लागले, आणि ज्या सामान्य कुटुंबास पूर्वी बाहेर जेवणे परवडत नसे त्यास ते परवडू लागले. हा लाभ लहान नव्हे. पुढे ह्या धर्तीवर एकाच नावाच्या शेकडो शाखा असलेली भोजनगृहे जगभर निघाली. त्यांतील काहींत मेजावर आणून वाढण्याची पद्धत राहिली आहे. पण कोठेही जा, पदार्थ तोच, चव तीच, आणि स्वयंपाक कोणी केला हे जेवणाऱ्यास कळण्याचे कारण नाही.

मुंबईत १९९९ साली हाजीअलीजवळ 'क्रॉसरोड्स' हा मॉल उघडला. आरंभी काही काळ तेथे असा नियम होता की, ज्यापाशी मोबाईल फोन किंवा क्रेडिट कार्ड नसेल त्याने प्रवेशासाठी पैसे भरावेत. आज असा नियम आपणास हास्यास्पद वाटतो. पण दाराशी पाटी नसली म्हणून सर्वांस आत येता येते असे नाही. कोणास जिना अडवितो, कोणास यादी वाचता येत नाही, कोणास 'मला तेथे शोभणार नाही' हा संकोच अडवितो. अशा न लिहिलेल्या नियमांनी आपल्याच घरातील किती माणसे बाहेर राहतात, हे ज्याने त्याने मोजून पाहावे.

ह्या संबंधाने आम्ही स्वतः पाहिलेला एक प्रसंग सांगतो. गेल्या वर्षी पुनरुत्थानाच्या सणानंतर एका कुटुंबाने आपल्या धाकट्या कन्येच्या प्रथम ख्रिस्तप्रसादानिमित्त आम्हास अशाच एका भोजनगृहात नेले. आई, बाप, दोन मुले, आजी आणि आम्ही, असे सहाजण होतो. सरकत्या जिन्यापाशी आजी थबकली. नातू मोबाईल खिशात घालून म्हणाला, "आजी, आपण दोघे लिफ्टने जाऊ." आम्हीही त्यांच्याबरोबर गेलो. मेजावर यादी नव्हती. एक छापील चौकोन होता, त्यावर मोबाईल धरला म्हणजे यादी त्यात उमटे. आजी म्हणाली, "आणि माझ्यासारखीने काय खायचे ते कसे ठरवायचे?" तेव्हा पांढऱ्या पोशाखातील त्या मुलीने एकेक पदार्थ आजीस मोठ्याने वाचून दाखविला, आणि ज्याचे नाव कळेना त्यात काय काय असते तेही सांगितले. अखेर आजीने भात मागितला.

तेथील स्वयंपाकघराची रीत अशी की, जो पदार्थ आधी तयार होईल तो आधी मेजावर यावा. मुलांच्या बशा प्रथम आल्या, नंतर बापाची, नंतर आमची. आजीचा भात सर्वांच्या शेवटी. मुले खाऊ लागली. आजी हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसली होती. "आई, तू काहीतरी घे ना," असे मुलगा म्हणाला, तर ती म्हणाली, "सगळ्यांचे पान मांडू दे." तिच्या बोलण्यात राग नव्हता; साठ वर्षे तिने हेच केले होते. मुलीच्या ते ध्यानात आले व ती खायची थांबली. मग भावाने हात आवरला. भात आला, तेव्हा आजीने क्रुसाची खूण केली आणि भोजनापूर्वीची प्रार्थना आपल्या नेहमीच्या आवाजात म्हटली. शेजारच्या मेजावरील लोक वळून पाहू लागले. बापास अंमळ संकोच झाला. पण प्रार्थना पुरी झाली. भात घेऊन आलेला तरुण हातात रिकामे तबक धरून तोपर्यंत तेथेच उभा होता. 'आमेन' सर्वांत स्पष्ट त्याने म्हटले.

आजीने त्याच्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "तू कोणाचा रे?" त्याने नाव सांगितले. तो आपल्याच धर्मग्रामाचा निघाला. त्याच्या आजीबरोबर ह्या आजीने कैक वर्षे पहाटेच्या गाडीने दादरला भाजीच्या पाट्या नेल्या होत्या. लगेच तिने दुसरा प्रश्न केला, "जेवलास का?" तो म्हणाला, "साडेतीनला जेवेन, आजी. आता गर्दी आहे." मग आमच्याकडे वळून हळू आवाजात बोलला, "फादर, रविवारची मिस्सा चुकते हो. शनिवार-रविवारी कोणालाच सुटी देत नाहीत. रात्री घरी पोचायला एक वाजतो." इतके बोलून तो दुसऱ्या मेजाकडे गेला, त्यास थांबण्याची सवड नव्हती.

बंधुभगिनींनो, "जेवलास का?" हा आपल्या घराघरांतून रोज ऐकू येणारा प्रश्न आहे, इतका नित्याचा की त्याचे मोल आपणास वाटत नाही. पुनरुत्थित प्रभूने तिबिरिया सरोवराच्या काठी, रात्रभर जाळे टाकून थकलेल्या शिष्यांस काय विचारले, हे आठवा. खावयास काही मिळाले का, हीच त्याची पृच्छा होती. आणि ते काठावर आले तेव्हा निखाऱ्यांवर मासळी व भाकर त्यांच्यासाठी सिद्ध होती. पेत्रास कळप सोपविण्याचे बोलणे त्यानंतरचे, आधी न्याहारी.

आता वडीलधाऱ्यांच्या तक्रारीस आमचे उत्तर ऐका. आपली मराठी भाषा सहभोजनास 'पंगत' म्हणते. पंगत म्हणजे ओळ. ओळीत सर्वांचे पान एका पातळीवर असते. सर्वांस वाढून होईपर्यंत कोणी घास उचलीत नाही. आणि वाढणारा कोण हे सर्वांस दिसत असते. ही तीन लक्षणे जेथे आहेत तेथे पंगत आहे, मग वर घरचे कौलारू छप्पर असो की मॉलचे काचेचे. ती जेथे नाहीत, तेथे चुलीवरचे अन्नदेखील केवळ पोट भरणे होय. घरी टेलिव्हिजनकडे तोंड करून जो तो आपापली थाळी घेऊन बसतो, त्या घरात आजी चार पावलांवर असूनही एकटीच जेवते. तेव्हा वडीलधाऱ्या मंडळींनी मॉलवर राग धरू नये. पंगत मोडल्याचे दुःख धरावे. ते दुःख खरे आहे व त्यात आम्ही सहभागी आहोत.

येथे आम्हास एका शब्दाची मौज सांगावीशी वाटते. ही भोजनगृहे ज्या मोठमोठ्या संस्था चालवितात त्यांस 'कंपनी' म्हणतात. लॅटिन भाषेत 'कुम' म्हणजे सह, आणि 'पानिस' म्हणजे भाकर. एकत्र भाकर खाणारे ते सोबती, आणि अशा सोबत्यांचा समुदाय ती कंपनी, असा त्या शब्दाचा उगम आहे. आपला 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजांच्या मार्फत त्याच 'पानिस'पासून आपल्याकडे आला. कंपनी आपणास पाव विकू शकते; 'कुम', म्हणजे सहवास, तिच्या यादीत नाही. तो ज्याचा त्याने घरून न्यावयाचा असतो.

कोणी म्हणेल, "फादर, तेथील रीतीपुढे आमचे काय चालणार?" त्यास आम्ही एक खरी हकीकत सांगतो. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात लू ग्रोन नावाच्या कॅथोलिक गृहस्थाने मॅकडोनाल्ड कंपनीची एक शाखा चालविली होती. त्या वस्तीत बहुतेक कॅथोलिक लोक. आणि त्या काळी शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याचा नियम कडक पाळला जाई. संत पापा सहावे पॉल ह्यांनी तो नियम देशोदेशीच्या बिशपांच्या परिषदांस सौम्य करता येईल अशी मुभा दिली, ती पुढे १९६६ साली. शुक्रवारी ग्रोन ह्यांचे दुकान ओस पडे. तेव्हा त्यांनी तळलेल्या मासळीचा पाव तयार केला. कंपनीचे प्रमुख रे क्रॉक ह्यांस मासळीची कल्पना पसंत नव्हती. त्यांनी मांसाऐवजी अननसाची चकती घातलेला पाव पुढे केला. १९६२ साली एका शुक्रवारी दोन्ही विक्रीस ठेविले, आणि मासळीने अननसास सहज मागे टाकले. मासळीवर पोसलेल्या आपल्या किनाऱ्यावरील लोकांस ह्याचे नवल वाटणार नाही. पुढे तो पदार्थ त्या कंपनीच्या दुकानांतून सर्वत्र गेला. तीच कंपनी १९९६ साली भारतात आली, ती गोमांस व डुकराचे मांस वगळूनच आली. ह्यावरून बोध असा की, गिऱ्हाइकाचे व्रत दृढ असले म्हणजे दुकानदार आपली यादी बदलतो. मग "सर्वांचे अन्न एकदम आणा, आम्ही थांबतो," एवढे सांगावयास आपणास संकोच का व्हावा?

आता त्या तरुणाविषयी. त्याच्यासारखी आपल्या धर्मग्रामाची पुष्कळ मुले-मुली दुकानांत, भोजनगृहांत, दवाखान्यांत रविवारी कामावर असतात. १८९१ साली संत पापा तेरावे लिओ ह्यांनी कामगारांच्या स्थितीवरील 'रेरुम नोव्हारुम' ह्या पत्रात रविवारच्या विश्रांतीचा आग्रह धरला. १९९८ साली संत पापा दुसरे जॉन पॉल ह्यांनी 'दिएस दोमिनी' हे पत्र खास प्रभूच्या दिवसाविषयी लिहिले. पवित्र सभेच्या धर्मशिक्षणग्रंथाच्या २१८७ व्या परिच्छेदात तर उपाहारगृहांचा नामनिर्देशच आहे. काहीजणांस रविवारी काम करावे लागते हे पवित्र सभा जाणते. मात्र त्यांस पुरेशी विश्रांती मिळावी, आणि आपण विनाकारण कोणाचा रविवार हिरावून घेऊ नये, अशी तिची शिकवण आहे. महाराष्ट्राच्या २०१७ सालच्या दुकाने व आस्थापना अधिनियमानेही ठराविक संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांस आठवड्याचे सातही दिवस उघडे राहण्याची मुभा देताना प्रत्येक कामगारास आठवड्यातून सलग चोवीस तासांची सुटी दिलीच पाहिजे, असे बजाविले आहे. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे, हे आपल्या मुलांस माहीत असावे.

ज्यांस रविवारी येणे जमत नाही त्यांनी शनिवारी सायंकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पुरे होते, हे ध्यानात ठेवावे. ज्यांस तेही खरोखर अशक्य आहे, त्यांनी मनास टोचणी लावून घेऊन मंदिराचा रस्ताच सोडू नये. गंभीर कारणाने येता न आल्यास पाप लागत नाही. आमच्याकडे यावे व बोलावे. आणि त्यांच्याविषयी "हल्लीची पोरे मिस्सा बुडवितात" असे बोलण्यापूर्वी, आपण मिस्सेनंतर ज्या मेजावर बसलो ते मेज कोणी पुसले, ह्याचा विचार प्रत्येकाने करावा.

ह्या सुवर्णमहोत्सवाची खूण म्हणून काय करावे, ह्यावर समितीत पुष्कळ चर्चा झाली. कोणी नवी घंटा सुचविली, कोणी कमान. कमान होवो अथवा न होवो, आमची सूचना निराळी आहे, व समितीने ती मान्य केली आहे. येत्या महिन्यापासून पहिल्या मंगळवारी रात्री साडेसात वाजता, ज्यांस रविवारी सुटी नसते अशांसाठी विशेष मिस्सा होईल, आणि तीनंतर सभागृहात पंगत बसेल. पानावर ती मुले-मुली बसतील; वाढण्याचे काम प्रत्येक वाडीतील कुटुंबांनी पाळीपाळीने करावयाचे आहे. घरमालक, नोकरदार, वकील, शिक्षक, आणि प्रमुख धर्मगुरूदेखील, त्या रात्री हातात पळी घेऊन उभे राहतील. जागे असलेल्या चाकरांस धनी स्वतः कंबर बांधून वाढील, असे प्रभूने सांगितलेले आहे. त्याची थोडीशी ओळख आपणास येथेच होईल.

आणि घरोघरी काही गोष्टी आपण कराव्यात, अशी आमची विनंती आहे. रविवारी घरी जेवा किंवा बाहेर, सर्वांची पाने मांडल्यावाचून कोणी आरंभ करू नये. भोजनाची प्रार्थना मोठ्याने म्हणावी. जी प्रार्थना चारचौघांत म्हणावयाची लाज वाटते, ती घरातही फार दिवस टिकत नाही. जेवण होईपर्यंत मोबाईल मेजावर नसावा. आणि घरातील वृद्ध मनुष्यास नेता येत नसेल तर सर्वांनी घरी जेवावे. चालता येत असेल तर त्याच्या पावलाने चालावे. वाढणाऱ्यास नाव विचारावे, आभार मानावे, आणि ओळख निघाली तर तो जेवला की नाही, हेही विचारावे.

पन्नास वर्षांपूर्वी हे मंदिर पुरे झाले, त्या दिवशी येथे मोठी मेजवानी झाली नाही. तेवढा पैसाच नव्हता. भाकरी, सुके बोंबील आणि प्रत्येकी एक केळे, एवढेच वाटले गेले असे जुने लोक सांगतात. परंतु ते सर्वांस पुरले. ज्याने थोडक्या भाकरींनी पाच हजारांस तृप्त केले, तो प्रभू आपल्या घरांतील पंगती अखंड राखो. जे दूर आहेत, जे कामावर आहेत, आणि ज्यांची पाने ह्या वर्षांत रिकामी झाली, त्या सर्वांस आपल्या स्वर्गीय भोजनात स्थान देवो. देवमाता पवित्र मारिया आपल्यासाठी विनंती करो. आमेन.